पोटाचे मार्क

सकाळी सव्वासहाला महिला सर्जिकल वॉर्डातली चौदा नंबरची खाट रिकामी सापडली. चादर घडी करून उशाला ठेवलेली होती. सलाईनची बाटली स्टँडला लटकत होती आणि नळीला गाठ मारून ती खाटेच्या दांडीला अडकवलेली होती, फरशीवर सांडू नये म्हणून. सुई तेवढी कुठे दिसत नव्हती. ती पेशंटच्या हातातच राहून गेली होती.

पेशंट वर्षाराणी, वय चोवीस, चंदगड तालुका. पोटात उजवीकडे खाली दुखतंय म्हणून आदल्या दुपारी दाखल. अपेंडिक्सची सूज असावी किंवा नसावी. हे ‘असावी किंवा नसावी’ ठरवायचं काम डॉ. पवित्राचं होतं. ती सर्जरीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि आदल्या सकाळपासून पाठ टेकलेली नव्हती. तिने घडी केलेली चादर उचलली, परत ठेवली आणि सिस्टरला विचारलं, “बाप कुठाय?”

“तोबी न्हाय. पायरीवर झोपला होता, घोंगडं पण नेलं त्यानं.”

“सकाळचं रक्त घेतलं होतं?”

“घेतलं की. हात गपगुमान पुढं केला पोरीनं. थँक्यू म्हणाली.”

थँक्यू म्हणून पळून जाणारा पेशंट पवित्राने पहिल्यांदाच ऐकला. पण ती चकित झाली नाही. चकित व्हायलाही थोडी ताकद लागते.

दोन हजार तीन सालची ही गोष्ट. कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात सर्जरीचे प्रमुख होते डॉ. हंबीरराव इंगवले. सरांचं सगळं निदान त्यांच्या उजव्या हाताच्या तीन बोटांत होतं. पोटावर बोटं ठेवायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “घ्या आत.” आत घेतल्यावर पोट उघडायचं आणि अपेंडिक्स काढून तपासणीला पाठवायचं. पुढे तपासणीवाल्यांकडून एकेक कागद येऊ लागला: निरोगी. पुन्हा: निरोगी. निरोगी अवयव काढायला पोट फाडलं, ही गोष्ट सरांना बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. सरांनी स्वतःच एक दिवस कागदांचा गठ्ठा पवित्रापुढे टाकला. म्हणाले, “तुझ्या प्रबंधाला विषय मिळाला बघ.”

तेव्हापासून युनिटमध्ये अल्वाराडो नावाच्या परदेशी डॉक्टरची मोजणी सुरू झाली. दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे सरकलं तर एक मार्क. अन्न नकोसं झालं तर एक. मळमळ किंवा उलटी असेल तर एक. उजवीकडे दाबल्यावर दुखलं तर दोन, आणि दाबलेला हात झटकन उचलल्यावर कळ आली तर आणखी एक. तापाचा एक. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तर दोन, आणि त्यांत कोवळ्या पेशी जास्त असतील तर शेवटचा एक. सगळे मिळून दहा. सात पडले की ऑपरेशन, चारच्या आत असले की घरी, मधल्यांनी थांबायचं आणि पुन्हा तपासून घ्यायचं.

मोजणी चांगली होती. निरोगी म्हणून येणारे कागद कमी झाले. चूक झाली ती वेगळ्याच ठिकाणी. पवित्रा प्रत्येक प्रश्न मोठ्याने विचारायची आणि इंटर्नना कळावं म्हणून मार्कही मोठ्याने सांगायची. वॉर्ड लांबलचक, खाटा हाताच्या अंतरावर आणि बायकांना दिवसभर उद्योग नाही. महिन्याभरात सगळा वॉर्ड मोजणी पाठ करून बसला.

त्यात पुढारी चिमणाबाई. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतल्या. हर्नियाची जखम भरत नव्हती म्हणून तेरा नंबरवर मुक्काम ठोकून होत्या. नवी पेशंट आली की त्यांचा आवाज ठरलेला.

“किती पडलं गं तुझं?”

“सहा म्हणाल्या.”

“काठावर हाईस. संध्याकाळी इचारतील तवा मळमळतंय म्हण, सुटका हुईल. न्हायतर बसशील चार दिवस लटकत.”

कुणाला नणंदेच्या लग्नाआधी ऑपरेशन उरकून घ्यायचं असायचं, तिला चिमणाबाई मार्क वाढवून द्यायच्या. कुणाला घरी जायचं असायचं, तिचे कमी करायच्या. पवित्राला याचा सुगावा लागला होता. ती एकदोनदा रागावली, मग खालच्या आवाजात विचारू लागली. पण खालच्या आवाजात विचारलं की आजूबाजूच्या सगळ्या गप्प होऊन कान द्यायच्या, आणि मग मोठ्याने विचारल्यापेक्षा जास्त ऐकू जायचं.

वर्षाराणी दुपारी दाखल झाली तेव्हा पवित्रा थिएटरमध्ये होती. बाहेर यायला संध्याकाळ झाली. म्हणजे चिमणाबाईंना अख्खी दुपार मिळाली.

पोरगी उंच, काटक, रापलेल्या अंगाची. खाटेवर पाय सरळ सोडून बसलेली. पोट दुखणारं माणूस असं पाय सरळ सोडून बसत नाही, हे पवित्राच्या पहिल्यांदा लक्षात आलं. आणि कपाळावर घाम होता, हे त्यानंतर.

“कुठं सुरू झालं दुखायला?”

“हितंच.” बोट थेट उजवीकडे.

“आधी बेंबीपाशी नव्हतं?”

“न्हाय.”

“जेवण जातंय?”

“भूक लागलीया की. हितल्यांनीच दुपारपासनं काय खाऊ दिलं न्हाय.”

“उलटी?”

“छ्या.”

शेजारच्या खाटेवर चिमणाबाई पंख्याकडे बघत ओठ हलवत होत्या, जणू नाव घेताहेत देवाचं.

पवित्राने हात ठेवला. दाबल्यावर पोरीचे दात आवळले गेले. “थोडं,” ती म्हणाली. दोन मार्क. हात झटकन उचलला. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ताप नव्हता. दुपारच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता, पांढऱ्या पेशी चौदा हजार, कोवळ्या पेशी नेहमीएवढ्या. आणखी दोन. एकूण चार.

“खाली उतर. उजव्या पायावर उड्या मार.”

पोट आतून सुजलेलं असेल तर टाच आपटली की माणूस वाकतो. वर्षाराणीने उड्या मारल्या. एकसारख्या, तालात, नजर समोरच्या भिंतीवर. एसटीची वाट बघणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा. शेवटच्या उडीला तिने सलाईनचा स्टँड धरला. तोलासाठी धरला असंही म्हणता आलं असतं.

“झालं?” तिने विचारलं. मग चिमणाबाईंच्या ताटलीतलं कडक, टोस्टसारखं बटर उचललं, त्यांच्या चहात बुडवलं आणि पवित्राच्या डोळ्यांत बघत खाल्लं. चावून, शांतपणे, शेवटच्या तुकड्यापर्यंत. गिळताना गळ्याची शीर उभी राहिली. पण गिळलं.

“वेडी आहेस का तू? उपाशी ठेवायला सांगितलं होतं!”

“भूक हाय का न्हाय इचारलासा. दावली.”

त्या एका बटरने दोन गोष्टी झाल्या. भुकेचा मार्क गेला, आणि आता ऑपरेशन करायचं ठरलं असतं तरी भूल देणारे डॉक्टर काही तास हात लावणार नव्हते.

बाप बाळासो दाराशी उभा होता. पोरीसारखाच उंच, पण जरा वाकलेला. तिकडे काजूच्या कारखान्यात कामाला. पवित्रा बाहेर येताच तो पुढे झाला.

“मॅडम, एक सुई मारा की. उद्या भरती हाय पोलिसची. उद्याचा दिस निघू दे, मग कापा न्हायतर शिवा, मी काय म्हणणार न्हाय.”

“कसली सुई?”

“गावात डॉक्टरनी मारलेली तसली. एक पांढरी, एक लाल. रडत हुती पोरगी, अर्ध्या तासात हरणागत उठली. म्हणून तर कोल्हापूरपतूर आलो. हितं स्टँडवर उतरलो आन परत कळीनं धरलं तिला.”

पवित्राने डोळे मिटले. लाल सुई ताकदीची, तिचं काही नाही. पांढरीत काय असतं ते तिला माहीत होतं. दुखणं मारायचं औषध आणि सोबत स्टेरॉइड. डोंगरपट्ट्यातला पेशंट तिच्याशिवाय दवाखान्यातून उठत नाही, आणि सुई न मारणाऱ्या डॉक्टरकडे परत जात नाही. त्या सुईने ताप उतरतो, कळ दबते, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी नुसत्या त्या सुईनेच वाढतात. म्हणजे तोंडाने सांगितलेलं खोटं असेल, आणि रक्ताने सांगितलेलंही खरं नसेल.

इंगवले सर संध्याकाळच्या राउंडला आले. पायात कोल्हापुरी, हातात कधीच काही नाही.

“मार्क?”

“चार, सर. पण त्यातले रक्ताचे दोन सुईमुळे धरता येत नाहीत. आणि तोंडी तीन तिनं स्वतःच कापून घेतलेत असं मला वाटतं.”

“म्हणजे दोन ते सात.”

“हो, सर.”

“असलं निदान तर मी बोटानं पण करत होतो, गं.” सरांनी बोटं ठेवली, डोळे मिटले. पोरगी श्वास धरून छताकडे बघत होती. “आहे काहीतरी. पण मी ‘घ्या आत’ म्हटलं तर तू प्रबंधात माझा आणखी एक ‘निरोगी’चा कागद वाढवशील.”

“सूज दाखवणारी सीआरपीची तपासणी पाठवते, सर. आपलं किट संपलंय, बाहेरच्या लॅबकडून करून घेते. स्टेरॉइडनं पेशी वाढतात, सीआरपी वाढत नाही. ते वाढलेलं निघालं तर सूज खरी.”

“कधी येईल?”

“सकाळी दहापर्यंत.”

“मग थांब. तुझाच नियम आहे.”

नियम तिचाच होता. सर गेल्यावर ती पुन्हा खाटेशी आली आणि स्टूल ओढून बसली. बसायला नको होतं. बसलं की उठवत नाही.

“भरती महत्त्वाची आहे, कळतंय मला,” ती म्हणाली. “पण खरं सांग.”

वर्षाराणी एकदम बोलायला लागली. “गेल्या खेपंला दोन मार्कांनी गेलं, मॅडम. त्याच्या आधी एकानं. आता वय संपतंय. पंचवीस झालं की अर्जच घेत न्हाईत. भरती झाली न्हाय तर मार्गशीर्षात लगीन ठरलंय. पोरगा बघून गेला. म्हणाला, पोरगी उंच हाय, पर चालंल.” तिने नाक ओढलं. “चालंल म्हणला. तुमास्नी मार्क द्यायचंच असतील तर तिकडं द्या. हितं नगं.”

पवित्रालाही घरी गडहिंग्लजला कुणीतरी बघून गेलं होतं. तो मुलगाही असंच काहीसं म्हणाला होता. त्या वेळी वडिलांनीच त्याला दारापर्यंत पोचवून दार लावून घेतलं होतं. प्रत्येकीला असे वडील नसतात. बाळासो वाईट नव्हता, नुसता भिडस्त होता.

“हे बघ,” ती उठत म्हणाली, “तोंडाला चिमणाबाई शिकवतील. रक्ताला नाही शिकवता येत. सकाळी परत रक्त घेणार आहोत, बाहेरचा रिपोर्ट पण येईल. दहा वाजता सगळं उघडं पडेल. मग मी तुझं ऐकणार नाही.”

हे बोलायला नको होतं, हे तिला दुसऱ्या दिवशी सव्वासहाला रिकाम्या खाटेपाशी कळलं. आपणच पोरीला वेळ सांगून ठेवली होती.

आता तिने तेरा नंबरकडे मोर्चा वळवला. चिमणाबाई पांघरुणात तोंड घालून पडल्या होत्या.

“चिमणाबाई, झोपेचं सोंग बास.”

“मी काय केलं, बाई? पोरीनं इचारलं, मी सांगितलं.”

“दुखणं कुठं सुरू झालेलं?”

म्हातारी उठून बसली. सगळी हुशारी उतरली होती. “बेंबीजवळ. मग सरकलं म्हणाली. आन ते बटर... तुमी गेलासा आन पोरगी मोरीत जाऊन वकली. पहाटं परत दोनदा. तोंडावर पदर दाबून घेतला मी तिच्या, आवाज नगं म्हणून.” त्या पवित्राकडे न बघता म्हणाल्या, “मला वाटलं, एका दिसाचा तर सवाल हाय. माझ्या नातीचं बी असंच वय गेलं, भरतीत. मरतीया का काय ती?”

“तोंड धुऊन घ्या,” पवित्रा म्हणाली.

आठला सकाळचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी सतरा हजार आठशे, कोवळ्या पेशी वाढलेल्या. दहाला बाहेरच्या लॅबचा माणूस सायकलवरून आला. सीआरपी वाढलेलं, चांगलंच. तोंडी तीन, पोट दाबल्याचे दोन, रक्ताचे तीन. आठ मार्क पडले होते. पवित्राच्या सगळ्या प्रबंधात इतकी स्पष्ट केस दुसरी नव्हती, आणि वॉर्डाच्या वहीत त्या नावापुढे सिस्टरने नियमाप्रमाणे ‘फरार’ लिहून टाकलं होतं.

“गेली ती गेली,” सर म्हणाले. “तू घरी जा. तोंड बघ आरशात.”

ती घरी गेली नाही. रिक्षा करून भरतीच्या मैदानावर गेली.

फाटकावरचा हवालदार तिच्याकडे बघून म्हणाला, “पावणं, उमेदवारांचं गेट तिकडं. पर तुमची उंची भरंल असं वाटत न्हाय.”

“मी डॉक्टर आहे.”

“मग मेडिकलचा तंबू ह्या अंगाला.”

आत चुना मारलेल्या रेघा, धूळ आणि शेकडो पोरी. पाठीवर, छातीवर नंबर. वर्षाराणी सापडायला वेळ लागला नाही, ती तिथेही सगळ्यांत उंच होती. एकशे बारा नंबर. मनगटाला रुमाल बांधलेला, सुई झाकायला. लांबची धाव झाली होती. ती कडुनिंबाच्या पारावर बसली होती, बाळासो शेजारी पाण्याची बाटली घेऊन.

“पहिल्या पाचात आली, मॅडम,” बाळासो उठत म्हणाला. त्याला आनंद लपवता येत नव्हता आणि तोंडही दाखवता येत नव्हतं.

“चल. रिपोर्ट आलेत. आठ पडलेत तुला.”

“धापैकी आठ?” पोरगी हसली. “इतकं मला शाळंत बी कधी पडलं न्हाईत.”

“हसू नको. दुखतंय किती?”

“न्हाय दुखत.”

“वर्षा, आता खोटं बोलायचं काही कारण नाही.”

“खोटं न्हाय, मॅडम. आंबाबाईची आन. शेवटच्या फेरीला एकदम कळ आली. वाटलं, हितंच पडतो. आन मग गेलीच की. दिवा मालवल्यागत. आता लई हलकं वाटतंय.”

पवित्रा तिच्यापुढे पटकन उकिडवी बसली. सुजलेलं अपेंडिक्स फुटलं की आतला ताण सुटतो आणि कळ थांबते. माणूस म्हणतं, बरं वाटतंय. काही तास खरंच बरं वाटतं. मग आतली घाण पोटभर पसरते. काल संध्याकाळपासून ती या पोरीचं खोटं शोधत होती. आता पहिल्यांदाच तिला वाटलं, ही खोटं बोलत असेल तर किती बरं होईल.

तिने पोटावर हात ठेवला. पोट घट्ट होतं. पण आत्ताच धावून आलेल्या सगळ्याच पोरींचं पोट घट्ट असणार. काही कळेना.

“हात काढा, सगळी बघत्यात,” वर्षाराणी कुजबुजली. “मेडिकलवाल्यांनी बघितलं तर बाद करतील. गोळाफेक तेवढी ऱ्हायलीया. ती झाली की येतो. शब्द देतो.”

“आता, या क्षणी चल.”

“मग उचलून न्या. जाताना वरडत जातो, बघा.”

“मी आणतो की तिला, मॅडम,” बाळासो हात जोडून म्हणाला. “रांग निम्मी झालीया.”

मेडिकलचा तंबू पन्नास पावलांवर होता. तिथे जाऊन दोन वाक्यं बोलली असती तर गोळाफेक रद्द, भरती रद्द, आणि पोरगी तासाभरात टेबलावर. पवित्रा तंबूच्या दिशेने निघाली. अर्ध्या वाटेवर थांबली. मग वळून फाटकाबाहेरच्या टपरीवरच्या डबा फोनपाशी गेली आणि नाणं टाकलं.

“सर, सापडली. फुटलं असावं.”

“बोट ठेवलंस?”

“ठेवलं. कळलं नाही, सर.”

“थिएटर मोकळं ठेवतो. घेऊन ये.”

ती परत आली. वर्षाराणी रांगेत उभी होती, तिच्या पुढे पंधरासोळा पोरी. पवित्रा पाराच्या सावलीत अशी बसली की रांग समोर दिसावी. ऊन चढलं होतं. कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, कुणीतरी नंबर पुकारत होतं. शहाण्णव. सत्त्याण्णव. तिने पाठ बुंध्याला टेकवली.

जाग आली तेव्हा सावली सरकून ऊन तिच्या मांडीवर आलं होतं. गोळाफेकीच्या वर्तुळात कुणी नव्हतं. एक माणूस चुन्याच्या रेघा झाडत होता.

“एकशे बारा?” ती हवालदारापाशी धावत गेली.

“ती व्हय, लांबोळकी? टाकला की गोळा. झकास गेला. मग बापलेक रिक्षात बसून स्टँडला गेली.” तो जरा ओशाळला. “मेडिकलचे साहेब येऊन इचारत होते, ह्या डॉक्टरीणबाई कुणासाठी आल्यात म्हणून. ते ऐकलं आन पोरगी उठलीच. मी म्हणालो, अगं, बाईंना सांग तरी. तर म्हणाली, उठवू नका, दमल्यात.”

स्टँडवर पवित्रा पोचली तेव्हा चंदगडची गाडी सुटून गेली होती. चौकशीच्या खिडकीतला माणूस शेंगदाणे सोलत म्हणाला, “निपाणी, गडहिंग्लज, चंदगड. आता पुढची संध्याकाळी.”

गडहिंग्लज. स्टँडच्या समोर तिच्या वडिलांचं, रामलिंगअप्पांचं, पेंड-सरकीचं दुकान होतं. तिने बूथमध्ये शिरून नंबर फिरवला.

“अप्पा, मी पवित्रा. चंदगडची गाडी येईल आता. तीत एक पोरगी आहे, उंच, मनगटाला रुमाल बांधलेला. सोबत बाप. तिला उतरवून घ्या आणि आपल्या गल्लीतल्या सर्जनकडं न्या. मी त्यांच्याशी बोलते.”

“चोरी करून पळालीया काय?”

“नाही, अप्पा. आजारी आहे. तिला पटत नाही.”

“मग माझं कसं पटंल? न्हाय उतरली तर?”

पवित्रा विचार करू लागली. काय ऐकलं तर ती पोरगी उतरेल?

“सांगा, पवित्रा डॉक्टरनं मेडिकलवाल्यांना काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. मार्क सगळे तिचे तिच्याकडेच राहतील. फक्त उतर म्हणावं.”

“बरं. आवाज कसला झालाय तुझा. जेवलीस का, अव्वा?”

“भूक नाही, अप्पा.”

गल्लीतल्या सर्जनला फोन झाला. सरांना फोन झाला. सर म्हणाले, थिएटर दुसऱ्या केसला देतो. मग ती बूथबाहेरच्या बाकावर बसून राहिली. घरी जायला आता हरकत नव्हती. पण घरी फोन नव्हता.

चार वाजून गेल्यावर राधानगरीच्या फलाटावर नंबर लावलेल्या पोरींचा घोळका आला, घशाला कोरड पडेस्तोवर हसत. यादी लागली होती. पवित्राने एकीला हाक मारली.

“एकशे बारा होता का गं यादीत?”

“वर्षाराणी? हाय की! वरनं तिसरी हाय. कोण तुमची ती?”

पवित्रा पुन्हा बूथमध्ये गेली. गडहिंग्लजचा फोन या वेळी आईने उचलला.

“अप्पा कुठायत?”

“समोर स्टँडवर. शटर अर्धं ओढून गेल्यात. हितनं दिसत्यात मला. बसत बी न्हाईत.”

“गाडी आली?”

“संकेश्वरची आली. निपाणीची आली. चंदगडची आली न्हाय अजून. आत्तापतूर यायला पायजे हुती म्हणं.”